एस८ वरून एस९: एका पॅरा जलतरणपटूच्या कारकिर्दीतला पेच

या प्रकरणातली खेळाडू १७ वर्षांची असताना तिचा वर्ग, म्हणजे बाधा किती आहे यावरून ठरणारा स्पर्धागट, एस८ वरून एस९ झाला, म्हणजे तुलनेने कमी बाधेच्या गटात गेला. ना अपघात, ना दुखापत, ना शिस्तभंगाची कारवाई. एका दुपारी लागलेल्या यादीत तिच्या नावापुढचा आकडा एकाने वाढला आणि चार वर्षं मेहनतीने आखलेलं सगळं नियोजन कोलमडलं. ओळख पटू नये म्हणून देश, संस्था आणि काही बारकावे गाळले आहेत. मी तेव्हा संघाच्या सहाय्यक चमूत होतो, त्यामुळे निर्णय कसे झाले ते जवळून पाहिलं.

पार्श्वभूमी

तिचा जन्म वेळेआधी झाला आणि दोन वर्षांची व्हायच्या आतच सेरेब्रल पाल्सीचं निदान झालं. त्यातला स्पॅस्टिक डायप्लेजिया हा प्रकार. यात हातांपेक्षा दोन्ही पाय जास्त बाधित असतात. स्नायू कायम ताठर असतात, टाच टेकत नाही, गुडघे एकमेकांवर घासतात. कोमट पाण्यात हा ताठरपणा सैलावतो, म्हणून फिजिओथेरपीचा भाग म्हणून तिला तलावात उतरवलं. १० व्या वर्षी ती चारही स्ट्रोक पोहत होती आणि १३ व्या वर्षी पहिली स्पर्धा झाली.

देशांतर्गत स्पर्धांसाठी तिचं वर्गीकरण झालं तेव्हा तिला एस८ मिळाला. ब्रेस्टस्ट्रोकसाठी एसबी७, मेडलेसाठी (चारही स्ट्रोकची मिश्र शर्यत) एसएम८. तिचे हुकमी प्रकार दोन: ५० मीटर फ्रीस्टाइल आणि १०० मीटर बॅकस्ट्रोक. बॅकस्ट्रोकमध्ये तिची वेळ एस८ च्या आंतरराष्ट्रीय पात्रता वेळेच्या आत होती. साहजिकच कोच, संघटना आणि घरचे, सगळ्यांनी पुढचं गणित याच एका शर्यतीवर मांडलं. सरावाचा तलाव २५ मीटरचा होता. ही गोष्ट तेव्हा कुणाला फारशी महत्त्वाची वाटली नव्हती, ती नंतर कामाची ठरली.

वर्ग कसा ठरतो

हे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पुढचे सगळे निर्णय यावर अवलंबून आहेत. पॅरा जलतरणात शारीरिक बाधा असलेल्यांसाठी एस१ ते एस१०, दृष्टिबाधितांसाठी एस११ ते एस१३ आणि बौद्धिक बाधा असलेल्यांसाठी एस१४ असे वर्ग असतात. आकडा जितका लहान तितकी बाधा जास्त. शारीरिक वर्गांत क्लासिफायर (वर्ग ठरवणारे तपासनीस) आधी टेबलावर तपासणी करतात. हालचाल किती होते, स्नायूंत ताकद किती, नियंत्रण किती, हे पाहून ० ते ५ गुण देतात. मग पाण्यात पोहून दाखवायचं आणि शेवटी प्रत्यक्ष शर्यतीत निरीक्षण. ती ज्या गुणपद्धतीतून गेली त्यात फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लायसाठी एकूण ३०० गुण होते: हातांना १३०, पायांना १००, धडाला ५०, स्टार्टला १०, टर्नला १०. २१६ ते २४० गुण म्हणजे एस८ आणि २४१ ते २६५ म्हणजे एस९. ब्रेस्टस्ट्रोकची बेरीज वेगळी, एकूण २९०, आणि तिथे पायांचं वजन हातांपेक्षा जास्त. एकाच खेळाडूचा एस वर्ग आणि एसबी वर्ग वेगवेगळा असतो तो यामुळे.

हात चांगले आणि पाय बाधित अशा जलतरणपटूचे बहुतेक गुण पाय, स्टार्ट आणि टर्न इथे कापले जातात. तिची बेरीज २४० च्या आसपासच घोटाळणार, हे कागद-पेन्सिल घेऊन बसणाऱ्या कुणालाही कळलं असतं. पण कुणी बसलं नाही. देशांतर्गत मिळालेला वर्ग तात्पुरता असतो, आंतरराष्ट्रीय पॅनेलने दिलेला तोच खरा, हे सगळ्यांना माहीत होतं. माहीत असूनही एस८ हा तिचा कायमचा पत्ता असल्यासारखं बोललं जात होतं.

अडचण

पहिल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेआधी दोन दिवस वर्गीकरण झालं. टेबलावर फिजिओने तिचा घोटा आधी सावकाश वर वळवला, मग झटक्यात. सावकाश वळवताना पाय बऱ्यापैकी वर आला. झटक्यात वळवताना पोटरी मध्येच अडली, पण एरवी अशा वेळी घोट्यात जी थरथर सुरू होते ती दोन-तीन ठोक्यांतच थांबली. तीन महिन्यांपूर्वी पोटऱ्यांत ताठर स्नायू सैल करणारी बोटॉक्सची इंजेक्शनं दिलेली होती. सेरेब्रल पाल्सीत हा नेहमीचाच उपचार आहे आणि त्याचा परिणाम साधारण तीन-चार महिने टिकतो. वैद्यकीय अर्जात तसं स्पष्ट लिहिलेलं होतं, लपवाछपवी काहीच नव्हती.

निकाल आला: एस९, एसबी८, एसएम९. वयाचा विचार करून पॅनेलने पुढच्या तपासणीचं वर्ष ठरवून दिलं, म्हणजे तीन वर्षांनी पुन्हा वर्गीकरण होणार होतं.

याचे परिणाम एकामागोमाग एक समोर आले. १०० मीटर बॅकस्ट्रोकमध्ये तिची वेळ एस९ च्या पात्रता वेळेपेक्षा तीन सेकंदांहून जास्त मागे पडली. एवढं अंतर १०० मीटरमध्ये एका हंगामात भरून निघत नाही. एस९ मध्ये शरीरांची सरमिसळही मोठी असते. एका पायाला गुडघ्याच्या वर अँप्युटेशन (पाय कापलेला) असलेली, एका हाताची हालचाल कमी असलेली, सौम्य सेरेब्रल पाल्सी असलेली अशा सगळ्या एका रांगेत उभ्या राहतात. अँप्युटेशन असलेल्या खेळाडूचा दुसरा पाय धडधाकट असेल तर भिंतीवरून ती बाणासारखी सुटते. हिचे दोन्ही पाय भिंतीवर असतात, पण दोन्हीत रेटा नसतो.

दुसरा फटका रिलेचा. ३४ गुणांच्या रिलेत चौघींच्या वर्गांची बेरीज ३४ च्या वर जाऊन चालत नाही. संघाची आखणी होती ९, ९, ८, ८. आता बेरीज ३५ झाली आणि तो संघ उतरूच शकला नाही. ज्या मैत्रिणींबरोबर वर्षभर बदलीचा सराव केला त्यांची शर्यत आपल्यामुळे गेली, हे तिला स्वतःच्या बॅकस्ट्रोकपेक्षा जास्त लागलं. समजूत घालायला गेलेल्यांना तिने एकच प्रश्न विचारला: "माझे पाय कालच्यापेक्षा आज बरे झाले का?" उत्तर कुणाकडे नव्हतं.

पर्याय

पहिला पर्याय प्रोटेस्टचा, म्हणजे वर्गीकरणाच्या निकालावर अधिकृत हरकत घेण्याचा. तो खेळाडूला स्वतः करता येत नाही, राष्ट्रीय संघटनेमार्फतच करावा लागतो, आणि निकाल लागल्यावर त्यासाठी हातात फार थोडा वेळ असतो. मान्य झाला तर दुसरं पॅनेल नव्याने तपासतं आणि त्याचा निर्णय शेवटचा. तिला प्रोटेस्ट हवा होता. कोच द्विधा मनःस्थितीत. संघ व्यवस्थापकाने विचारलं की पॅनेलचं नेमकं काय चुकलं ते एका वाक्यात सांगा. बोटॉक्सचा मुद्दा पुढे आला, पण तो अर्जातच होता आणि पॅनेलने त्याबद्दल प्रश्नही विचारले होते. कार्यपद्धतीतली चूक दाखवता येत नव्हती. "देशात एस८ होती" हे कारण होऊ शकत नाही. प्रोटेस्ट झाला नाही. माझ्या मते निर्णय बरोबर होता, मात्र ज्या घाईत तिच्याशी बोलणं झालं ते बरोबर नव्हतं.

दुसरा पर्याय थांबण्याचा. तेच प्रकार पोहत राहायचं आणि तीन वर्षांनी पुन्हा एस८ मिळेल अशी आशा धरायची. हा सगळ्यात सोपा आणि म्हणूनच सगळ्यात धोक्याचा. या पर्यायाच्या आडून एक तिसरीच सूचना आली. एका हितचिंतकाने सुचवलं की पुढच्या तपासणीआधी बोटॉक्स घेऊ नको, आदल्या दिवशी पायांचा जबर व्यायाम कर आणि टेबलावर जरा जोर कमी लाव. फिजिओने तिथल्या तिथे नाही सांगितलं. टेबलावरचे गुण आणि पाण्यातली हालचाल जुळली नाही तर पॅनेलला शंका येते, शर्यतीत निरीक्षण असतंच, आणि जाणूनबुजून क्षमता लपवल्याचं सिद्ध झालं तर बंदी येते. पण फिजिओचा खरा आक्षेप वेगळा होता. उपचार टाळले तर पोटऱ्या आखडतात, घोट्याचा कोन बिघडतो, आणि तो नंतर शस्त्रक्रियेशिवाय सुटत नाही. तिला चालायचं तर पुढची पन्नास-साठ वर्षं आहे. आईने फाइल मिटून सांगितलं, "इंजेक्शनं वेळेवरच होतील." तो विषय पुन्हा निघाला नाही.

चौथा पर्याय शर्यती बदलण्याचा आणि पाचवा आंतरराष्ट्रीय पोहणं सोडून शिक्षणाकडे वळण्याचा. पाचव्याचा विचार तिने मनापासून केला. दोन महिने ती सरावाला आली नाही आणि कोचने फोन करून मागे लागणं टाळलं. याच काळात कुणीतरी तिला अमेरिकन पॅरा जलतरणपटू मॅलरी वेगेमनचं उदाहरण सांगितलं. २०१२ च्या लंडन पॅरालिम्पिकच्या तोंडावर तिला एस७ वरून एस८ मध्ये टाकलं होतं आणि तरी तिने ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकलं. उदाहरण खरं आहे, पण इथे लागू नव्हतं. वेगेमन आधीच जगज्जेती होती. पात्रता वेळेच्या काठावर उभ्या असलेल्या मुलीला अशी गोष्ट सांगणं म्हणजे धीर देण्याच्या नावाखाली ओझं देणं.

काय केलं

वळण मिळालं ते फिजिओच्या एका निरीक्षणाने. पाण्याखालून घेतलेल्या चित्रफिती बघताना त्याने दाखवलं की ५० मीटरच्या स्प्रिंटमध्ये शेवटच्या १५ मीटरला तिचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात आणि कंबर खाली जाते. सरावात सावकाश लॅप मारताना हेच पाय मोकळे असतात. कारण वैद्यकशास्त्रात जुनंच आहे: स्पॅस्टिसिटी, म्हणजे स्नायूंचा हा ताठरपणा, वेगावर अवलंबून असते. स्नायू जितक्या झपाट्याने ताणाल तितका तो उलट आवळतो. टेबलावर घोटा सावकाश वळवला तर येतो आणि झटक्यात अडतो, तेच पाण्यात घडत होतं. म्हणजे चार वर्षं ती नेमक्या अशा शर्यती पोहत होती ज्यात तिची बाधा सगळ्यात जास्त उफाळून येते. स्प्रिंटमध्ये पायांनी झपाझप किक मारायची, आणि बॅकस्ट्रोकमध्ये त्यावर कडी म्हणजे स्टार्टलाही दोन्ही पायांनी भिंत रेटायची.

मला या प्रकरणातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते. शर्यत निवडताना आधी पाहिलं होतं ते कोणत्या वर्गात कुठे जागा मोकळी आहे एवढंच. बाधा कोणत्या वेगाला कशी वागते, हा प्रश्न वर्ग बदलेपर्यंत कुणी विचारला नव्हता.

मग कोचने ४०० मीटर फ्रीस्टाइल सुचवली. ती हसली. तोवर तिने स्पर्धेत १०० मीटरच्या पुढे काही पोहलं नव्हतं. पण युक्तिवाद पक्का होता. लांब अंतरात हातांच्या एका पूर्ण चक्राला दोनच किक पुरतात, पाय मुख्यतः शरीर आडवं ठेवण्यासाठी वापरायचे आणि वेग हातांनी काढायचा. टर्नचा हिशोबही मांडला. ५० मीटरच्या तलावात ४०० मीटरला ७ टर्न, २५ मीटरच्या तलावात १५. ज्या खेळाडूला भिंतीवरून रेटा मिळत नाही तिचं प्रत्येक टर्नला नुकसान होतं. आंतरराष्ट्रीय शर्यती ५० मीटरच्या तलावात होतात आणि ती सराव २५ च्या तलावात करत होती, म्हणजे घड्याळ तिला रोज खऱ्यापेक्षा वाईट चित्र दाखवत होतं. आठवड्यातून दोनदा मोठ्या तलावात वेळ मिळवला. त्यासाठी पहाटे खूप लवकर निघावं लागे, आणि हा भार आईवर पडला.

ब्रेस्टस्ट्रोकही करून पाहिला, कारण एसबी८ मध्ये स्पर्धा तुलनेने कमी वाटत होती. तो प्रयोग फसला. मांड्यांच्या आतल्या स्नायूंचा ताठरपणा त्या किकला मुळीच जुमानत नव्हता आणि कंबरेत दुखायला लागलं. सहा आठवड्यांत तो बंद केला. जागा मोकळी आहे म्हणून शर्यत निवडायची, ही जुनीच सवय पुन्हा डोकं वर काढत होती.

खांद्यांचा प्रश्न मात्र कमी लेखला गेला. ती रोज कुबड्यांवर चालते, म्हणजे खांदे दिवसभर कामावरच असतात. त्यावर लांब पल्ल्याचे लॅप वाढवले आणि दुसऱ्या हंगामात उजवा खांदा धरला. सात-आठ आठवडे हातांचं काम जवळपास बंद. तेव्हा फिजिओने सुचवलं की स्पर्धेच्या ठिकाणी व्हीलचेअर वापर. मोठ्या संकुलात वॉर्म-अपचा तलाव, कॉल रूम (शर्यतीआधी खेळाडू जमतात ती खोली) आणि मुख्य तलाव यांच्यात बरंच चालावं लागतं. तिने ठाम नकार दिला. "वर्ग खाली आणायला नाटक करते म्हणतील." हे बोलणं उगाच नव्हतं. पॅरा खेळात असा संशय हवेतच असतो, आणि ज्यांची बाधा पाण्यात कमी आणि जमिनीवर जास्त दिसते त्यांना तो जास्त झेलावा लागतो. शेवटी कोचने संघाच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं की खांदे वाचवण्यासाठी हा संघाचा निर्णय आहे, तिचा एकटीचा नाही. ती व्हीलचेअर वापरू लागली. माझ्या अंदाजाने शर्यतीतले काही सेकंद तिथेच वाचले, पण ते कोणत्याही तक्त्यात दिसणार नाहीत.

परिणाम

तीन वर्षांनी ठरल्याप्रमाणे पुन्हा वर्गीकरण झालं. नियमित उपचार चालू होते आणि अर्जात लिहिलेले होते. निकाल पुन्हा एस९, आणि या वेळी कायम. म्हणजे पहिल्या पॅनेलचा निर्णय योग्यच होता आणि देशांतर्गत वर्ग सैल हाताने दिला गेला होता. दुसरा पर्याय घेतला असता तर तीन वर्षं वाया गेली असती.

त्याच वर्षी ४०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये तिने पात्रता वेळ गाठली. जागतिक स्पर्धेसाठी निवड झाली. तिथे स्वतःची सर्वोत्तम वेळ दिली, पण हीटमध्ये (प्राथमिक फेरीत) दहावी आली. फायनलला आठच जातात. पॅरालिम्पिकची जागा मिळाली नाही. पात्रता वेळ गाठली म्हणजे जागा पक्की असं नसतं. देशाच्या वाट्याला ठरावीक जागा येतात आणि कुणाला पाठवायचं ते संघटना ठरवते. संघटनेने पदकाची शक्यता जास्त असलेल्या दुसऱ्या खेळाडूला निवडलं. तिने आक्षेप घेतला नाही. निवडीचे निकष वर्षभर आधी लेखी मिळाले होते आणि ते तिला पटलेले होते.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाला जाण्याआधी दोन्ही शक्यतांचा कागद तयार हवा होता: एस८ राहिला तर काय, एस९ झाला तर काय. सीमारेषेजवळच्या प्रत्येक खेळाडूसाठी हे तासाभराचं काम आहे. त्यात प्रोटेस्ट कोणत्या परिस्थितीत करायचा, कोण ठरवणार आणि खेळाडूशी कोण बोलणार हेही लिहून ठेवता येतं. निकालानंतरच्या धांदलीत १७ वर्षांच्या मुलीला नियम समजावणं हे कोणत्याच बाजूने न्यायाचं नाही.

रिलेचा संघ एकाच बेरजेवर बांधणंही टाळता आलं असतं. चौघींपैकी दोघींचे वर्ग पक्के झालेले नव्हते. पाचवी जलतरणपटू तयार ठेवली असती तर बाकीच्या तिघींची शर्यत गेली नसती.

शर्यतीची निवड १३-१४ व्या वर्षीच फिजिओला बरोबर घेऊन तपासायला हवी होती. लहान वयात सगळ्यांना ५० मीटर पोहायला लावण्यामागे सोय असते: स्पर्धा लवकर उरकते, निकाल लवकर लागतो. स्पॅस्टिसिटी असलेल्या मुलांसाठी हीच अंतरं सगळ्यात अवघड असू शकतात. प्रत्येकाला ४०० मीटर मानवेल असं नाही, अ‍ॅथेटोसिस किंवा अ‍ॅटॅक्सिया (सेरेब्रल पाल्सीचेच दुसरे प्रकार: पहिल्यात हालचाली आपोआप होत राहतात, दुसऱ्यात तोल आणि समन्वय बिघडतो) असेल तर चित्र पार वेगळं निघेल. पण पाण्याखालून चित्रफीत घेऊन वेगवेगळ्या वेगांना पाय काय करतात ते पाहायला काहीच अडचण नव्हती.

खांद्याबाबत, लॅप वाढवण्याआधी कुबड्यांवरचं रोजचं चालणं हिशोबात धरायला हवं होतं. सरावाच्या वहीत फक्त तलावातले मीटर लिहिले जात होते.

एक मुद्दा अजून सुटलेला नाही. पॅरालिम्पिकमध्ये कोणत्या वर्गाला कोणती शर्यत मिळेल हे प्रत्येक वेळी नव्याने ठरतं. टोकियोत जलतरणाच्या १४६ पदक-शर्यती होत्या, पॅरिसला १४१. एकाच शर्यतीवर उभी असलेली कारकीर्द अशा एका कात्रीने संपू शकते. म्हणून ती आता ४०० च्या जोडीला १०० मीटर फ्रीस्टाइलवर काम करते आहे, दोन किकच्याच लयीत. अजून तिची वेळ पात्रतेपासून दूर आहे. पदवीचं शेवटचं वर्ष आणि पुढची पात्रता स्पर्धा एकाच सहामाहीत येतात. त्यातलं काय पुढे ढकलायचं हे तिने ठरवलेलं नाही, आणि या वेळी कोचने त्यासाठी तिला तारीख दिलेली नाही.